मंदाच्या जाण्याची लॅमिनेशन केलेली हकीकत

माझी बायको गेली आणि पुढच्या बारा दिवसांतच मी असा एक शहाणपणा केला, की अख्खं गाव माझ्या ओसरीत रांग लावून भिंत वाचायला लागलं! ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा. बायको गेलेल्या माणसासमोर कसं हसावं म्हणून तोंडाला रुमाल लावू नका. मंदा असती तर पहिली तीच हसली असती, आणि हसून झाल्यावर मला म्हणाली असती, “सांगा अजून चार लोकांना!”

तर सांगतो.

मी वसमतला हायस्कूलमध्ये मास्तर. भूगोल शिकवतो. गाव शिरड शहापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. मंदाचं काळीज दोन वर्षांपासून अधू झालं होतं. शेवटी तिला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं. तीन दिवस होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळी कल्पना दिली होती. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

आता आमच्याकडची पद्धत तुम्हाला माहीत असेल. माणूस गेलं की लोक भेटायला येतात. वसमतहून येतात, डोंगरकड्याहून येतात, कधीकाळी लग्नात एकदाच भेटलेले लोक येतात. बायका दारातूनच रडत आत जातात. पुरुष ओसरीत सतरंजीवर बसतात. जरा वेळ पंख्याकडे बघतात. घसा खाकरतात. मग त्यातला वडीलधारा हळूच विचारतो,

“कसं झालं मग?”

झालं! मग सगळं पहिल्यापासून सांगायचं. कधी धाप लागली, जीप कोणाची केली, रस्त्यात ती काय बोलली, डॉक्टर काय म्हणाले. सांगून होतं न होतं तोच दारात दुसरी जीप उभी राहते. पुन्हा सतरंजी, पुन्हा पंखा, पुन्हा खाकरणं. “कसं झालं मग?”

सुतकाच्या चौथ्या दिवशी अशी वेळ आली, की शेजारचे दत्तराव माझ्याआधीच पुढचं वाक्य सांगायला लागले. मी म्हणायचो, “मग वसमतच्या फाट्यावर...” आणि दत्तराव म्हणायचे, “पंक्चर झाली.” त्यांना एवढं पाठ झालं होतं, की मी जरा डोळे पुसायला थांबलो तर ते पुढचा भाग उरकून घ्यायचे.

पण खरी अडचण ती नव्हती. सांगायला माझी ना नव्हती. अडचण होती शेवटच्या प्रश्नाची. हकीकत संपली की कोणीतरी हमखास विचारायचं,

“शेवटचं पाणी कोणाच्या हातचं?”

जाणाऱ्याच्या तोंडात शेवटचा घोट कोणी घातला, याला आमच्याकडे फार महत्त्व. बायकोला नवऱ्याच्या हातचं मिळालं म्हणजे तिचं सोनं झालं म्हणतात. हा प्रश्न आला, की मी आत तोंड करून ओरडायचो, “रेणुका, पाहुण्यांना पाणी आण गं!” रेणुका माझी लेक. पुण्याहून आली होती. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “आप्पा, लोक एवढं पाणी पीत नाहीत. तुम्हाला काय होतंय?”

तिला काय सांगणार? तुम्हाला मात्र सांगून टाकतो. शेवटच्या घटकेला मी मंदाजवळ नव्हतोच.

त्या दुपारी ती मला म्हणाली होती, “अहो, जा, काहीतरी खाऊन या. तोंड बघा कसं सुकलंय.” मी नाही म्हणालो. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तर हात जोडून म्हणाली. म्हणून मी उठलो. आमच्या गावचा बालाजी, ज्याच्या जीपमधून तिला नेलं होतं, तो बाहेरच होता. दवाखान्याच्या गेटवर एक भज्यांचा गाडा होता. आम्ही दोघांनी मिरचीचे भजे खाल्ले. अर्ध्या तासानं परत आलो, तर तिच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला.

स्वतः मरणाच्या दारात असून तिनं माझ्या भुकेची काळजी केली. आणि मी? माझ्या ओठाला तेव्हा तेल होतं. हे कोणत्या तोंडानं सांगायचं? भजे खाल्लेल्या?

पाचव्या दिवशी सकाळी मला युक्ती सुचली. चोवीस वर्षं शाळेत नोकरी केली की माणसाला एक सवय लागते. तीच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली, की हात आपोआप सूचनाफलकाकडे जातो! मी कागद घेतला आणि सगळी हकीकत मुद्देसूद लिहून काढली.

“विषय : कै. सौ. मंदाकिनी यांच्या निधनाबाबत.

१) सोमवारी सकाळी धाप लागली.

२) जीपने नांदेडला नेले. वाटेत पंक्चर. उशीर वीस मिनिटे.

३) डॉक्टरांनी कल्पना दिली.

४) तीन दिवस उपचार. जेवण : पातळ भात व वरण.

५) तब्येतीत चढउतार.

६) गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता मी जवळ असताना शांतपणे प्राण सोडला. शेवटचे पाणी माझ्या हातून घेतले.

कृपया नोंद घ्यावी.”

सहाव्या मुद्द्याला पेन जरा अडखळलं. पण म्हटलं, भिंतीवर लागलेल्या गोष्टीला कोण उलटा प्रश्न विचारतो? निदान आमच्या शाळेत तरी कोणी विचारत नाही.

रेणुका म्हणाली, “आप्पा, हे बरं दिसणार नाही.”

“अगं, लोकांची सोय होईल.”

“लोक सोयीसाठी येत नाहीत आप्पा.”

मी ऐकलं नाही. सुतकात घर सोडता येत नाही, म्हणून कागदाचा फोटो काढून वसमतला एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवला. त्याचं कम्प्युटरचं दुकान आहे. सरांचं काम म्हणून त्या गुणी मुलानं ते मोठ्या अक्षरांत छापलं, न सांगता लॅमिनेशन केलं, आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत गुलाबाचं एकेक फूल टाकून संध्याकाळच्या एसटीनं पाठवून दिलं. मंदाच्या फोटोशेजारी कॅलेंडरचा खिळा होता. तिथं लावलं.

दुसऱ्या दिवशी पहिली जीप आली. मंडळी बसली, पंख्याकडे बघितलं. वडीलधाऱ्यानं खाकरून विचारलं, “कसं झालं मग?”

मी नुसता भिंतीकडे हात केला.

मंडळी उठली. परीक्षेचं वेळापत्रक लागल्यावर पोरं उभी राहतात, तशी भिंतीसमोर उभी राहिली. एकजण बोट ठेवून वाचत होता. वाचून झालं. आता काय करावं हे कोणालाच कळेना! एवढ्या लांबून आलेली माणसं, पाच मिनिटांत काम संपलं. पुन्हा येऊन बसली. शेवटी एकजण म्हणाला, “अक्षर छान हाये.”

दुसरा म्हणाला, “सर, ते पाचव्या नंबरचं जरा समजून सांगता का? चढउतार म्हंजी आधी चढ का आधी उतार?”

चष्मा विसरून आलेल्यांना मीच वाचून दाखवायचो. माझ्याच ओसरीत उभं राहून, माझ्याच बायकोच्या मरणाची सूचना मी मोठ्यानं वाचतोय! आधी नुसतं सांगायचं होतं, आता उभं राहून सांगायचं झालं.

गयाकाकूंनी तर कहर केला. गयाकाकू माझ्या थोरल्या चुलती. ऐंशीच्या पुढच्या. लिहिता-वाचता येत नाही, पण गावातल्या प्रत्येक मरणाला हजर. त्या भिंतीसमोर आल्या, कंबरेवर हात ठेवले.

“परभाकर, हे काय लावलंस रं? एसटीचं टाइमटेबल?”

“काकू, मंदाचं सगळं त्यात लिहिलंय.”

“मला वाचता येत न्हाई. तू बोल.”

“रेणुका वाचून दाखवील.”

“काहून? तुझी जीभ कुठं गहाण पडली?” असं म्हणून त्या माझ्यासमोरच बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी आत जाऊन उगाच माठात पाणी भरलं.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली. बायको गेलेल्या मास्तरानं छापून लावलंय! जे भेटून गेले होते ते वाचायला पुन्हा आले. आणि मग दुसरीच भानगड सुरू झाली. ज्याचं त्याचं नाव राहिलं होतं.

पहिले मारोतराव. मंदाचे थोरले भाऊ. तेराव्यापर्यंत आमच्याकडेच राहायला आले होते. शांत माणूस, पण वाचून झाल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली. मारोतरावांनी टोपी काढली म्हणजे विषय गंभीर असतो.

“दाजी, नांदेडला न्या असं कोण म्हणलं होतं?”

“तुम्हीच.”

“मग लिवलं न्हाई.”

“राहिलं. लिहितो.” मी पेन घेऊन उठलो. पण लॅमिनेशनवर पेन चालतं का? नुसतं घसरत होतं. मारोतराव ते घसरणं बघत बसले. त्यांना वाटलं, मी मुद्दाम जोर लावत नाही.

मग दत्तराव म्हणाले, पंक्चर वीस मिनिटं नव्हतं, पंचवीस मिनिटं होतं. आमच्याबरोबर जीपमध्ये ते नव्हतेच! पण हकीकत माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वेळा सांगावी लागली होती, म्हणून त्यांचा अधिकार. एका भावकीतल्या माणसाचं म्हणणं, वरण मी डब्यात नेलं होतं, तर ‘वरण’ शब्दापुढे कंसात माझं नाव पाहिजे. मी वहीत एकेक दुरुस्ती टिपत गेलो. बायकोच्या तेराव्याच्या आधी मी दुसऱ्या आवृत्तीच्या तयारीला लागलो होतो!

आणि सातव्या दिवशी सकाळी सखाराम आबा आले.

आबा गावातले सगळ्यात म्हातारे. वय नक्की कोणालाच माहीत नाही, पण निजामाचे शिपाई पाहिल्याचं सांगतात. काठी टेकत आले, भिंतीसमोर उभे राहिले, रेणुकाकडून दोनदा वाचून घेतलं. मग माझ्याजवळ बसले.

“मास्तर, असंच एक मला बी लिवून दे.”

“कोण गेलं आबा?” मी दचकून विचारलं.

“कोणी न्हाई. माझंच.”

“आबा, तुम्ही तर आहात अजून!”

“म्हणून तं आलो. मेल्यावर कसा येऊ?”

यावर भूगोलाच्या मास्तरानं काय बोलावं?

“हे आधी कसं लिहिता येईल आबा?”

“काहून न्हाई? तारखेची जागा मोकळी सोड. बाकी सगळं ठरल्यालं हाये. लिव. शांतपणे गेला. कोणाला तकलीफ दिली न्हाई.”

“पण तसंच होईल कशावरून?”

“तसं झालं न्हाई तं लोक काय वाचायला मला उठवणार हायेत का?” आबा खुदखुदले. मग जवळ सरकले आणि आवाज खाली आणला. “मरायचं भ्या न्हाई रे मला. मागून पोरं काय सांगतेल, त्याचं भ्या वाटतं. माझा धाकटा भाऊ चिंचा पाडायला झाडावर चढला आन् पडून मेला. चिंचा चोरीच्या होत्या. पोरांनी सांगितलं, देवपूजा करता करता गेला. आता तो आयुष्यात कधी देवळात गेला न्हाई! वर गेल्यावर त्याला देवानं ओळखलं तरी असंल का?”

मी लिहायला लागलो. खरं सांगतो, त्या बारा दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

“शेवटचं पाणी?” मी सवयीनं विचारलं.

आबांनी बोटांवर सुना मोजल्या. “धाकट्या सुनंच्या हातचं लिव.” मग म्हणाले, “नको, थोरली भांडंल. थोरलीचं लिव.” पुन्हा थांबले. “पर थोरलीच्या हातचं पाणी म्या जिता असताना बी कधी पेलो न्हाई, मरताना काहून पिऊ? असं कर मास्तर, दोघींच्या हातचं लिव. निम्मं निम्मं.”

मी लिहिलं. आबांनी कागदाची घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. जाताना म्हणाले, “पलास्टिक लाव म्हणलं असतं, पर एवढी घाई न्हाई.”

नवव्या दिवशी मात्र माझ्या पापाचा घडा भरला.

त्या दिवशी सकाळपासूनच ओसरी भरलेली. पंधरा-वीस माणसं, आतल्या उंबऱ्यापाशी गयाकाकू आणि बायका. मारोतराव भिंतीला टेकून बसलेले. आणि बालाजी आला. जीपवाला. गेले आठ दिवस तो लग्नाच्या भाड्यावर बाहेर होता. आल्या आल्या तो भिंतीकडे गेला, ओठ हलवत सगळं वाचलं.

“सर, लई मस्त लिव्हलं.”

“हं. बस.”

“पर माझं नाव न्हाई.”

“टाकतो.”

“आन् सहाव्या नंबरला जरा गडबड हाये.”

मी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. या नजरेनं नववीचा अख्खा वर्ग गप्प होतो हो! पण बालाजी सहावीतच शाळा सोडून गाडीवर बसलेला. ती नजर त्याच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. त्याला वाटलं, सर लक्ष देऊन ऐकत आहेत.

“साडेतीनला तं आपण गेटवर होतो ना सर? भजे खाऊन राहिलो होतो. मिरचीचे. तुमी म्हणले बी, नांदेडच्या मिरचीला तिखटपणा न्हाई.”

ओसरीत पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

“एवढं कशाला बालाजी...” मी म्हणालो.

“न्हाई, म्हंजी बराबर लिव्हावं. आपण सव्वातीनला गेलो आन् पावणेचारला वर आलो. एका प्लेटीत झालं असतं तं लवकर आलो असतो, पर दुसरी प्लेट तुमीच सांगितली.”

दुसरी प्लेट! त्या दुसऱ्या प्लेटीचं मी देवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

बालाजीच्या मनात काही नव्हतं. हकीकत बरोबर व्हावी एवढाच त्याचा हेतू. पण मारोतराव सावकाश उठले. टोपी हातातच होती.

“म्हंजी माझी बहीण एकटीच गेली?”

मी होकारार्थी मान हलवली.

“आन् पाणी? पाणी कोणी पाजलं तिला?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. आठ दिवसांत मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

मारोतराव अंगणात निघून गेले. मंडळी एकेक करून उठली. मी खिळ्यावरून ते लॅमिनेशन काढलं आणि फाडायला गेलो. लॅमिनेशन कधी फाटतं का? वाकतं, पुन्हा सरळ होतं. दोन्ही गुलाब तसेच ताजे! सगळ्यांसमोर त्याच्याशी झटापट करून शेवटी मी ते पलंगाखाली सारलं.

गयाकाकू तेवढ्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, “आता बोल.”

“काय बोलू काकू? सगळं कळलं की तुम्हाला.”

“मला आधी काय ठाऊक नव्हतं? मी सोता तिला न्हाऊ घातलं, तवा तू तिच्या तोंडाकडं बघत बी नव्हतास. माहिती घ्यायला कोण येतंय रं इथं? तू तोंड उघडावं म्हणून इचारून राहिले सगळे. आन् तू पाटी लावून दिली.”

मग मी बोललो. पंक्चर सोडून सगळं बोललो. ती कशी म्हणाली की खाऊन या, मी कसा गेलो, पडदा कसा दिसला. काकूंनी मधे एकदाही काही विचारलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला. पण मारोतराव अंगणातूनच ऐकत होते आणि ते आत आले नाहीत. रात्रीचं जेवणही त्यांनी दत्तरावांकडेच केलं.

सकाळी बघतो तर त्यांची पिशवी भरलेली. दहाव्याचा विधी उरकला, की दुपारच्या गाडीनं निघणार म्हणाले. तेराव्याला भाऊ नाही म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तीस वर्षांचं नातं त्या पिशवीत दोरी आवळून बसलं होतं.

विधी झाला. मारोतराव पिशवी घेऊन उंबऱ्यापाशी आले, तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

“मास्तरचं घर हेच का?”

तिनं मंदाचा फोटो बघितला आणि रडायला लागली. रडता रडताच आत आली. मला ओळख पटायला वेळ लागला. दवाखान्यात मंदाच्या शेजारच्या खाटेवर होती ती. डोंगरकड्याची कौसाबाई. परवाच तिला घरी सोडलं होतं.

काकूंनी तिला बसवलं, पाणी दिलं. आणि मग काय झालं, सांगू? ज्या प्रश्नापासून पळायला मी एवढा खटाटोप केला होता, तोच माझ्या तोंडातून बाहेर पडला.

“कौसाबाई... कसं झालं मग?”

मारोतराव पिशवीसकट उंबऱ्यावर थांबले.

“तुमी गेले ना सर,” कौसाबाई डोळे पुसत म्हणाली, “तसा बाईनं एक लंबा श्वास सोडला. मला म्हणल्या, कौसाबाई, बघा बरं, गेले का दाराबाहेर? म्या मान लांब करून पाह्यलं. म्हणलं, गेले. तं म्हणे, आतून कडी लावता येती का?”

“कडी?” मी म्हणालो.

“म्या म्हणलं, बाई, वार्डाला कुठली कडी? आन् काहून लावायची? एवढे जीव लावून बसलेत बिचारे. तं म्हणल्या, जीव लावतेत म्हणून तं तकलीफ हाये! तीन दिवस झाले, सलाईनचे थेंब मोजून राहिले. मोजावं माणसानं, पर मनात मोजावं ना! आन् माझा जरा डोळा लागला, की हलवून इचारतेत, मंदा, झोप लागली का?”

हे खरं होतं. मी विचारत होतो. शास्त्रशुद्ध नोंद ठेवावी म्हणून विचारत होतो.

“नर्सबाईच्या तक्त्यावर लाल पेनानं खुणा केल्या म्हणे तुमी. ते सांगता सांगता त्यांना असं हसू आलं, असं हसू आलं, की घसा सुकला. म्हणल्या, पाणी द्या घोटभर. म्या माझ्या तांब्यातून दिलं. दोन घोट पेल्या. म्हणल्या, आता कसं निवांत वाटून राहिलं. आन् कूस बदलली. मला वाटलं, झोपल्या. चेहरा असा हसराच होता हो.”

मारोतरावांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. मी उठून जवळ गेलो. तर मारोतराव हसत होते! डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू.

“कडी!” ते म्हणाले. “लहानपणी मला बी अशीच बाहेर काढायची आन् कडी लावायची. मंदीच हाये ही. बराबर मंदीच!” त्यांनी पिशवी खाली ठेवली. गयाकाकू पदर तोंडात कोंबून हसत होत्या. रेणुका हसता हसता माझ्या गळ्यात पडली. मीही हसलो. दहा दिवसांत घरात पहिल्यांदा एवढा आवाज झाला.

पण माझा जीव एका ठिकाणी अडकला होता. सगळे जरा शांत झाल्यावर मी हळूच विचारलं, “कौसाबाई, तरी पण, मी उपाशी होतो म्हणूनच तिनं मला खाऊन यायला सांगितलं ना? तोंड सुकलंय म्हणाली होती.”

कौसाबाईनं माझ्याकडे नवलानं बघितलं.

“उपाशी? सर, तासभर आधी तं तुमी माझ्या डब्यातल्या दोन भाकरी खाल्ल्या की!”

तीस वर्षांच्या संसारात बायकोनं सांगितलेलं एकही काम मी वेळेवर केलं नाही, असं ती कायम म्हणायची. एक केलं. बाहेर गेलो, आणि दुसरी प्लेट मागवून चांगला अर्धा तास बाहेर राहिलो.